पवित्र शास्त्र वाचताना वही लिहावी का, आणि लिहावी तर कोणासाठी?

प्रश्न – विक्रोळीची वाचक

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

मी विक्रोळीला राहते आणि फोर्टमधील एका कार्यालयात हिशेब विभागात काम करते. आमची मंडळी मराठी, प्रोटेस्टंट परंपरेतील आहे. दोन वर्षांपूर्वी, ज्या महिन्यात माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला त्याच महिन्यात, मी पवित्र शास्त्राचे वार्षिक वाचन सुरू केले आणि त्यासाठी दोनशे पानांची एक वही घातली. आमच्या शास्त्रात एकूण १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे वर्षात संपवायचे तर रोज तीन किंवा चार अध्याय वाचावे लागतात. पहिले काही महिने मी मनापासून लिहिले. पुढे पुढे मात्र, जन्म हिशेबात गेल्यामुळे असेल कदाचित, वहीचे रूप खतावणीसारखे होत गेले: तारीख, अध्याय, ‘वाचले’, आणि समोर बरोबरची खूण. ‘गणना’ या पुस्तकाच्या ७व्या अध्यायाच्या पानावर तर एवढेच आहे, ‘वाचले. तेच ते.’ एखादा दिवस चुकला की तो थकबाकीसारखा डोक्यावर बसतो आणि रविवारी दुपारी मी चौदा अध्याय एका दमात वाचून बाकी फेडते. अशा वेळी मी काय वाचले हे मला संध्याकाळी सांगता येत नाही.

दुसरी अडचण निराळी आहे. बाबा गेले त्या आठवड्यात मी त्या वहीत देवाला बरेच काही सुनावले. आमचे घर सव्वादोनशे चौरस फुटांचे, त्यात आम्ही पाच माणसे; वही कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलेली असते. ती एका घरच्याच माणसाच्या हाती लागली, आणि पुढच्या बुधवारच्या प्रार्थना-बैठकीत ‘आपल्या एका बहिणीच्या डळमळीत विश्वासासाठी’ प्रार्थना झाली. नाव घेतले नाही, पण सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तेव्हापासून मी वहीत फक्त चांगले चांगले लिहिते, आणि खरे सांगायचे तर ते मला स्वतःलाही वाचवत नाही.

मत्तयाच्या ६व्या अध्यायात प्रभू म्हणतो की खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर. ज्या घराला आतली खोलीच नाही त्या घरातल्या माणसाने हे वचन कसे पाळावे, हे मला अनुभवी मंडळींकडून ऐकायचे आहे. वही हा भक्तीचा भाग मानावा की ती केवळ आपली आपल्याला दिलेली शाबासकी आहे? आणि रागाने लिहिलेली पाने ठेवावीत की फाडावीत?

उत्तर – निवृत्त शिक्षक, दादर

ताई, सलाम. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यातून सुटते असे मला वाटते.

रागाची पाने फाडू नका. स्तोत्रसंहितेचे १३वे स्तोत्र उघडून पाहा. सहा वचनांचे हे लहानसे स्तोत्र, त्याच्या पहिल्या दोनच वचनांत दावीद ‘कुठवर’ हा प्रश्न देवाला चार वेळा विचारतो. ते स्तोत्र निदान शेवटी भरवशाच्या शब्दांवर येते. ८८वे स्तोत्र तेवढीही सोय ठेवत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधार या शब्दावरच संपते. आमच्या मंडळ्यांत स्तुतीची गाणी टाळ्यांच्या गजरात होतात आणि ८८वे स्तोत्र उपासनेत वाचलेले मी गेल्या तीस वर्षांत क्वचितच ऐकले आहे. तरीही ज्यांनी शास्त्राचे ग्रंथ जपले त्यांनी ते स्तोत्र गाळले नाही. ज्या पुस्तकाचे मनन आपण करतो त्यातच अशी पाने असतील, तर त्या मननाच्या वहीत ती का नसावीत? बुधवारच्या बैठकीत ज्याला डळमळीत विश्वास म्हटले गेले, त्याला मी प्रार्थना म्हणेन. देव नाहीच असे ज्याला वाटते, तो देवाला सुनावत बसत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर याचे नवल वाटू नये. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली इथे मुंबईत झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो मार्ग स्वतः स्वीकारायला त्यानंतर सुमारे पाच वर्षे गेली. मधल्या काळातला राग, ताटातूट, सोवळ्या-ओवळ्याचा घोळ आणि आतली उलथापालथ त्यांनी आपल्या आठवणींत इतक्या मोकळेपणाने लिहिली आहे की अधूनमधून हसू येते आणि लगेच घसा दाटतो. त्या आठवणी १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाल्या. त्यांनी चांगले चांगले तेवढेच निवडून लिहिले असते, तर आज कोणी ते पुस्तक हातात धरले नसते.

आता वही हा भक्तीचा भाग आहे काय, याविषयी. शास्त्रातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात इस्राएलाच्या होणाऱ्या राजासाठी एक विलक्षण नियम आहे. त्याने राजासनावर बसल्यावर नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी उतरवून घ्यावी आणि आयुष्यभर ती वाचावी, म्हणजे त्याचे मन आपल्या भाऊबंदांपेक्षा उन्मत्त होणार नाही. राजाच्या पदरी लेखक असतच. तरीही लिहून घेण्याचे कारण गर्व उतरवणे हे सांगितले आहे, हे ध्यानात घ्या. तुम्हाला भीती वाटते ती शाबासकीची. इथे लिहिणे हा तिच्यावरचा उतारा म्हणून दिलेला आहे. फरक इतकाच की राजाने शास्त्र उतरवायचे आहे, स्वतःची प्रगती नव्हे. म्हणून मी पूर्वी माझ्या शब्बाथशाळेच्या मुलांना सांगत असे की डाव्या पानावर आधी वचन हाताने उतरवा आणि उजव्या पानावर मग तुम्हाला काय वाटते ते लिहा. डावे पान रिकामे असेल तर उजव्या पानाला हात लावू नये. मुले कंटाळत, हेही कबूल करतो. पण हाताने उतरवताना डोळा जिथे घसरून जातो तिथे पेन अडते.

खोलीविषयी एक निरीक्षण. मत्तयात जो शब्द आहे तो मूळ ग्रीकमध्ये कोठीच्या, म्हणजे सामानसुमान ठेवण्याच्या आतल्या जागेसाठी वापरला जाई. प्रभूचे ऐकणारे बहुतेक लोक गालीलातले शेतकरी आणि कोळी होते. एकेका माणसाला स्वतंत्र खोली त्यांनाही नव्हती. तुमचे कपाट त्या कोठीपासून फार दूर नाही.

उत्तर – वसईकर

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझे बोलणे जरा वेगळ्या वळणाचे वाटेल. येशूसंघाचे संस्थापक लोयोलाचे संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेचे काही दिवसांचे शिबिर मी केले आहे, आणि ताईंच्या खतावणीबद्दल वाचून मला हसू आले, कारण इग्नेशियस स्वतः पक्के हिशेबी होते.

त्यांच्या साधनेत एक विशिष्ट आत्मपरीक्षण आहे. आपल्याला सुधारायचा असा एकच दोष निवडायचा. सकाळी उठल्यावर त्याची आठवण ठेवायची, दुपारच्या जेवणानंतर एकदा आणि रात्रीच्या जेवणानंतर एकदा मागे वळून पाहायचे आणि जितक्या वेळा पाय घसरला तितके ठिपके वहीतल्या ओळीवर मांडायचे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला दोन ओळी असतात आणि दिवसामागून दिवस त्या ओळी आखूड काढलेल्या असतात, कारण ठिपके कमी होत जावेत ही अपेक्षा. त्यातली मला सर्वांत आवडलेली सूचना अशी की चूक होताच तिथल्या तिथे छातीला हात लावावा, चारचौघांत असतानाही, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. माझा दोष राग हा होता. विरारच्या गाडीत संध्याकाळी सव्वासातला छातीला हात लावायला जागा मिळत नाही ही गोष्ट वेगळी. पण नेमका तेव्हाच तो लावावा लागतो.

म्हणजे हिशेब हा गुन्हा नाही. ताई मोजतात ते मात्र वाचलेले अध्याय, आणि इथे मोजायचे ते स्वतःचे घसरणे. अध्याय मोजले की माणूस एक तर फुगतो नाही तर कर्जबाजारी होतो, आणि ताईंचे दोन्ही होत आहे असे त्यांच्याच लिहिण्यावरून दिसते. शिवाय इग्नेशियस ठिपक्यांवर थांबत नाहीत. प्रार्थना आटोपल्यावर पाव तासभर, बसून किंवा येरझारा घालत, ती कशी झाली हे पाहावे असे ते सांगतात: कुठे मन लागले, कुठे कोरडे पडले, कशामुळे. मी माझ्या वहीत एवढेच लिहितो. वाचलेल्या उताऱ्याचा सारांश लिहीत नाही. उतारा पुस्तकात आहेच. कोणत्या शब्दापाशी मी थबकलो आणि कोणता शब्द मी टाळून पुढे गेलो, या दोनच गोष्टी. टाळलेला शब्द जास्त कामाचा निघतो. क्षमेच्या दाखल्यात मी तीन वेळा तो कर्जदार नोकर गाळून पुढे गेलो होतो, कारण माझे आणि माझ्या भावाचे जमिनीवरून बोलणे बंद होते.

इग्नेशियस यांच्या स्वतःच्या रोजनिशीतला १५४४ आणि १५४५ या वर्षांतला काही भाग टिकून आहे. त्यात मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, वेळी डोळ्यांत पाणी आले की नाही याच्या नोंदी जवळपास रोज आहेत, आणि पुढच्या भागात तर त्या इतक्या त्रोटक होतात की नुसत्या खुणा आणि अक्षरे उरतात. तेव्हा ‘वाचले. तेच ते.’ या शेऱ्याची लाज वाटू देऊ नका. कोरडा दिवस कोरडा म्हणून लिहिलेला बरा.

एक बारीक सूचना: मी पवित्र शास्त्राचे दोन मराठी अनुवाद शेजारी ठेवून वाचतो, त्यांपैकी एक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल. जिथे दोघांनी वेगवेगळा शब्द योजला आहे तिथे थांबून तो वहीत लिहितो. मनन कुठून सुरू करावे हे अशा जागी आपोआप ठरते.

उत्तर – हार्बर लाइनवाला

वरच्या दोघांनी वहीची चांगली बाजू मांडली आहे. मला तिचा एक धोका सांगायचा आहे, कारण मी त्यात पडलो होतो.

माझी वही फोनमध्ये होती. वाशी ते सीएसएमटी या प्रवासात मी एखादे वचन वाचून त्याखाली ‘देव मला आज म्हणतो’ असे लिहून पुढचे टंकत असे. पनवेलजवळ घर घेण्याचे आमचे चालले होते, कर्ज मंजूर होत नव्हते, आणि यिर्मया २९:११ वाचनात आले, ज्यात परमेश्वर म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. मी ते तारखेनिशी लिहिले, खाली ‘घर मिळणार’ असे ठळक अक्षरांत टाकले आणि बायकोलाही वाचून दाखवले. मग आम्ही बयाणा भरला. कर्ज नामंजूर झाले आणि बयाण्यातली निम्मी रक्कम बुडाली. त्यानंतर वर्षभर मी शास्त्र उघडले नाही, कारण माझ्या वहीच्या पुराव्यानिशी देव खोटा ठरला होता.

आमच्या पाळकांनी मला एकच गोष्ट सांगितली: आधीचे वचन वाच. २९:१० मध्ये सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. ते पत्र यरुशलेमेहून बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेले आहे आणि त्यात, घरी परतण्याची घाई करू नका, तिथेच घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात मी तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असा सल्ला आहे. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे. तो लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळे सुरळीत होईल. लोकांना अर्थातच तो आवडला असणार. यिर्मया त्याला खोटा म्हणतो. मी वहीत यिर्मयाचे वचन लिहिले होते, पण त्याचा अर्थ हनन्याचा लावला होता.

म्हणून आता माझा एक साधा नियम आहे. वचन कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटले हे लिहिल्याशिवाय ‘मला’ हा शब्द वहीत येऊ द्यायचा नाही. दादरच्या सरांची डाव्या-उजव्या पानाची रीत याच्याशी जुळते, पण नुसते वचन उतरवून भागत नाही. त्याच्या मागचे-पुढचेही वाचले पाहिजे. दुसरे असे की मी भविष्य लिहिणे बंद केले. आज काय मागितले ते लिहितो. काय मिळणार ते लिहीत नाही.

फोनचा एक फायदा मात्र आहे, ताई: त्याला कुलूप असते. तोटाही सांगतो. आपण लिहिलेले खोडले की फोनमध्ये ते कधी लिहिलेच नव्हते असे होते, आणि कागदावर काट मारलेला शब्द खालून दिसत राहतो. माझे ते ‘घर मिळणार’ मी रागाच्या भरात खोडून टाकले, आणि आता ते मला हवे आहे.

उत्तर – मेथडिस्ट, भायखळा

मी थोडक्यात लिहिते. दादरच्या सरांशी माझा मतभेद आहे: पाने फाडायला हरकत नाही. मी दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेहून परतल्यावर वर्षाची वही चाळते, एक ओळ निवडून शास्त्राच्या मागच्या कोऱ्या पानावर उतरवते आणि वही फाडून टाकते. १ शमुवेलाच्या ७व्या अध्यायात लढाई जिंकल्यावर शमुवेल एकच दगड उभा करून त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा दगड, असे नाव देतो. लढाईचा सगळा वृत्तांत तो दगडावर कोरत बसत नाही. माझ्याकडे असे एकोणीस दगड जमले आहेत. शिवाय मेल्यानंतर आपल्या वह्या कोण वाचेल याचा भरवसा नसतो. मदर तेरेसा यांनी आपली आतली कोरड ज्या पत्रांत लिहिली ती नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती, आणि ती २००७ साली पुस्तकरूपाने जगभर वाचली गेली. त्या पत्रांनी पुष्कळांना धीर दिला हे मी नाकारत नाही. तरीही त्यांनी नको म्हटले होते.

ज्यांना वही ठेवायचीच आहे त्यांच्यासाठी आमच्या मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचा मार्ग आहे. त्यांनी लोकांसाठी छापलेली रोजनिशी वेगळी ठेवली, आणि स्वतःसाठीची खासगी दैनंदिनी लघुलिपीत आणि सांकेतिक खुणांत लिहिली, जी इतरांना वाचता येणे दुरापास्त होते. ताई, तुम्ही हिशेबातल्या आहात. तुमच्या स्वतःच्या खुणा असतीलच.

उत्तर – निवृत्त शिक्षक, दादर

भायखळ्याच्या भगिनींचा एबन-एजरचा दाखला मला आवडला. तरी एक उलट दाखला ठेवतो. यिर्मयाच्या ३६व्या अध्यायात यिर्मयाचा लेखनिक बारूख याने लिहिलेली गुंडाळी यहोयाकीम राजापुढे वाचली जाते. हिवाळ्याचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा ते चाकूने कापून विस्तवात टाकतो आणि अशा रीतीने सगळी गुंडाळी जाळतो. पुढे यिर्मया तीच वचने बारूखाकडून पुन्हा लिहून घेतो, आणि त्यांत आणखी पुष्कळ वचनांची भर पडते. जाळणारा तिथे राजा आहे, लेखक नव्हे. स्वतःची वही स्वतः फाडण्याचा हक्क भगिनींना आहे, हे मान्य. पण ताईंची वही बुधवारच्या बैठकीच्या धाकाने फाटू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रश्नकर्ती – विक्रोळीची वाचक

सर, वसईकर भाऊ आणि इतर सर्वांची मी आभारी आहे. पाने मी अजून फाडलेली नाहीत. वही आता कार्यालयातल्या माझ्या खणात असते, त्याला किल्ली आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत पंचवीस मिनिटे मिळतात. जिच्या हाती ती वही लागली होती तिच्याशीही बोलणे झाले. आपल्याला खरोखर काळजी वाटली म्हणून आपण प्रार्थनेसाठी सांगितले, असे ती म्हणाली, आणि मला ते खरे वाटले. पुरते बरे वाटले असे मात्र नाही.

अध्याय मोजणे सोडले आणि ‘तेच ते’ लिहिलेल्या ठिकाणी परत गेले. गणना ७ मध्ये ८९ वचने आहेत. बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस अर्पणे आणतात, आणि प्रत्येकाचे अर्पण अगदी तेच आहे: १३० शेकेल वजनाचे चांदीचे ताट, ७० शेकेलचा चांदीचा कटोरा, १० शेकेलचे धुपाने भरलेले सोन्याचे पात्र, आणि पुढे तेवढेच पशू. आमच्या कार्यालयात मी अशा नोंदी पहिल्या ओळीनंतर ‘वरीलप्रमाणे’ लिहून आवरल्या असत्या. इथे प्रत्येक सरदाराचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि त्याचे सगळे अर्पण पुन्हा पहिल्यापासून लिहिले आहे, बाराच्या बारा वेळा. सरांच्या सांगण्याप्रमाणे मी ते डाव्या पानावर उतरवायला घेतले. त्याला चार दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या लागल्या. शेवटी एकूण चांदी २,४०० शेकेल आणि सोने १२० शेकेल अशी बेरीज दिली आहे. सवयीने मी ती करून पाहिली. जुळली.

आणि मग ८९वे वचन आले, जे मी त्या रविवारी चौदा अध्यायांच्या घाईत नक्कीच वाचले असणार, पण ज्याची मला आठवणही नव्हती. हिशेब संपल्यावर मोशे मंडपात जातो आणि तिथे त्याला कोणीतरी आपल्याशी बोलत असल्याचा आवाज ऐकू येतो. उजव्या पानावर काय लिहावे ते मला अजून सुचलेले नाही. सुट्टी संपली होती, म्हणून मी तारीख तेवढी घातली आणि खण लावून घेतला.